पंचगंगेकाठचे पोलिश गाव

मिरजेच्या स्थानकावरून कोल्हापूरकडे जाणाऱ्या आगगाडीत बसले की प्रथम कृष्णामाईचे दर्शन घडते. तिच्यावरचा पूल ओलांडून गाडी जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी ही स्थानके एकामागून एक मागे टाकते. पुढे पंचगंगेचा पूल लागतो आणि थोड्याच वेळात वळिवडे नावाचे एक लहानसे स्थानक येते. कोल्हापूर आता अगदी जवळ आलेले असते. प्रवासी आपापली गाठोडी आवरण्याच्या गडबडीत असतात, त्यामुळे वळिवड्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. परंतु १९४३ ते १९४८ या काळात याच ठिकाणी सुमारे पाच हजार वस्तीचे एक परदेशी गाव नांदत होते. त्या गावातील मुले पोलिश भाषेत धडे गिरवीत, बायका चुलीपाशी पोलिश गाणी गुणगुणत, आणि सायंकाळी ओसरीत बसून सारेजण हजारो कोस दूर राहिलेल्या पोलंड देशाच्या आठवणी काढीत.

परक्या मुलखातून आलेला माणूस आमच्या या भागाला अपरिचित नाही. कॅनडात जन्मलेले डॉक्टर विल्यम वॉनलेस मिरजेस आले आणि येथे त्यांनी रुग्णालय उभारले. उत्तरेतील कैरान्याहून आलेले गायक अब्दुल करीम खाँ मिरजेचेच झाले. पण ही माणसे आपल्या इच्छेने आली होती. वळिवड्यास आलेल्या पोलिश लोकांची गोष्ट निराळी आहे. आपण कोल्हापूर नावाच्या गावी जाऊन राहू असे त्यांच्या स्वप्नातही कधी आले नव्हते. त्यांचे घर त्यांच्याकडून हिरावून घेतले गेले होते.

पोलंड हा मध्य युरोपातील देश. त्याच्या एका बाजूस जर्मनी आणि दुसऱ्या बाजूस रशिया, असे दोन बलाढ्य शेजारी. या शेजाऱ्यांमुळे त्या देशाने फार सोसले. १७९५ पासून १९१८ पर्यंत, म्हणजे एकशे तेवीस वर्षे, पोलंडचे नाव नकाशावर स्वतंत्र देश म्हणून उरलेच नव्हते. पुढे तो स्वतंत्र झाला. परंतु अवघ्या एकवीस वर्षांनी, १ सप्टेंबर १९३९ रोजी, जर्मनीच्या सैन्याने पश्चिमेकडून त्याच्यावर हल्ला केला. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएट सैन्य आत घुसले. दोघांनी मिळून देश वाटून घेतला. दुसऱ्या महायुद्धाचा प्रारंभ तो हाच.

पूर्वेकडील पोलंडमध्ये शेतकरी, शिक्षक, वनरक्षक, सैनिक अशांची लाखो कुटुंबे राहत होती. १९४० च्या फेब्रुवारी महिन्यात, कडाक्याच्या थंडीत, मध्यरात्री त्यांच्या दारांवर थापा पडू लागल्या. हाती लागेल तेवढे सामान थोड्या वेळात बांधावे आणि निघावे, अशी आज्ञा झाली. मालगाडीच्या डब्यांत कोंबून त्यांना सैबेरियाच्या अरण्यांत आणि कझाकस्तानच्या माळरानांवर नेण्यात आले. तेथे झाडे तोडावीत, लाकडे वाहावीत आणि मोजून मिळणाऱ्या भाकरीवर दिवस काढावेत, असे त्यांचे जिणे झाले. थंडी, भूक आणि रोगराई यांनी अनेकांचा बळी घेतला.

१९४१ च्या जून महिन्यात जर्मनीने सोव्हिएट रशियावरच चाल केली, तेव्हा चित्र पालटले. कालचे शत्रू आज एका बाजूस आले. हद्दपार केलेल्या पोलिश लोकांची मुक्तता झाली, आणि त्यांच्यातील धडधाकट पुरुषांचे सैन्य उभारण्याचे काम जनरल आंदेर्स यांनी हाती घेतले. या सैन्याबरोबर १९४२ साली हजारो बायकामुले कास्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. पुरुष युद्धावर गेले. मागे राहिलेल्या या बायकामुलांना युद्ध संपेपर्यंत कोठे ठेवावयाचे, हा प्रश्न होता. कोणी आफ्रिकेत गेले, कोणी न्यूझीलंडला, कोणी मेक्सिकोला. हिंदुस्थानात नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी पोरक्या पोलिश मुलांसाठी समुद्रकाठी बालाचडी येथे वसतिस्थान उभारले. आणि आया व मुले अशा कुटुंबांसाठी कोल्हापूर संस्थानातील वळिवड्याची जागा निवडण्यात आली.

मुंबईहून कोल्हापूरकडे येणाऱ्यास त्या काळी पुण्यास गाडी बदलावी लागे. कारण पुण्यापासून पुढचा लोहमार्ग मीटरगेजचा होता. पुणे आणि सातारा जिल्हा ओलांडून गाडी मिरजेस येई आणि तेथून कोल्हापूरच्या फाट्यावर वळे. बर्फाच्या प्रदेशातून इराणच्या वाळवंटात आणि तेथून समुद्रमार्गे आलेल्या त्या मुलांनी खिडकीतून काय पाहिले असेल? काळीभोर शेते, उसाचे फड, मोटेचे बैल, डोईवर घागरी घेतलेल्या बायका! सारेच नवे. पण मालगाडीच्या बंद डब्यातून केलेल्या पहिल्या प्रवासात आणि या प्रवासात एक मोठा भेद होता. या वेळी गाडीची दारे बाहेरून बंद केलेली नव्हती.

वळिवड्यास त्यांच्यासाठी लांबच लांब चाळी बांधलेल्या होत्या. भिंती चटयांच्या आणि छपरे कौलांची होती. एकेका चाळीत अनेक बिऱ्हाडे राहत. प्रत्येक बिऱ्हाडास राहण्याच्या खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे ओसरी असे. चटईच्या भिंतीतून शेजारच्या घरातील बोलणे सहज ऐकू येई. तरीही, स्वतःचे दार स्वतः लावता येईल असे घर या कुटुंबांना कित्येक महिन्यांनी मिळाले होते. लवकरच चाळींपुढे फुलझाडे आणि वेली दिसू लागल्या. ज्या जागेत आपण कायम राहणार नाही हे ठाऊक आहे, तेथेही माणूस फुलझाडे लावतो. या एका गोष्टीवरून त्याचे मन कळते.

येथे सर्वांसाठी एकत्र शिजविलेले अन्न रांगेत उभे राहून घ्यावे लागत नसे. प्रत्येक कुटुंबास खर्चासाठी ठराविक रक्कम मिळे आणि तीत आईने आपला संसार चालवावा, अशी व्यवस्था होती. या खर्चाचा भार प्रारंभी लंडन येथून कारभार पाहणाऱ्या पोलंडच्या सरकारने उचलला होता. आया सकाळी बाजार करीत. बटाटे, कोबी, बीट या भाज्या त्यांच्या परिचयाच्या होत्या. बीटचे आंबूस लाल सार हा पोलिश घरातील आवडता पदार्थ. ‘प्येरोगी’ नावाचा दुसरा पदार्थ आपल्या करंजीसारखाच दिसतो. मात्र तो तळीत नाहीत, उकळत्या पाण्यात शिजवितात, आणि आत बटाटा, कोबी किंवा चीज भरतात. करंजी घडविणाऱ्या कोल्हापूरच्या गृहिणीने हा पदार्थ पाहिला असता, तर तिला ती बोटांची हातोटी ओळखीचीच वाटली असती.

या वस्तीत पोलिश शाळा होत्या. त्यांत प्राथमिक शिक्षणापासून माध्यमिक शिक्षणापर्यंतची सोय होती. शिकविणारे शिक्षक त्यांच्यातीलच होते. दवाखाना होता, टपालघर होते, प्रार्थनामंदिर होते, नाटके व नाच करण्यासाठी रंगमंच होता. बालवीरांची पथके होती आणि ती आसपासच्या परिसरात सहलीस जात. मुंबईहून ‘पोलाक व इंडियाख’, म्हणजे ‘हिंदुस्थानातील पोलिश माणूस’, या नावाचे नियतकालिक निघे. त्यातून जगाची आणि युद्धाची वार्ता कळे. आजारी आणि अशक्त मुलांना हवापालटासाठी सातारा जिल्ह्यातील पाचगणीस पाठवीत.

पोट भरण्याची चिंता असताना शाळेची एवढी घाई कशासाठी, असे कोणास वाटेल. त्याचे उत्तर पोलंडच्या इतिहासात आहे. एकशे तेवीस वर्षे त्या देशाला राजा नव्हता, सैन्य नव्हते, सीमा नव्हत्या. पण आईच्या तोंडून मुलाच्या कानी पडणारी भाषा शिल्लक होती, आणि तिच्यामुळेच देश शिल्लक राहिला. म्हणून वळिवड्याच्या मातांना वाटे की, आपली मुले अंगाने वाढली पण भाषा विसरली, तर आपण सारेच गमावून बसू. पुस्तकांची वाण असे, साधने तुटपुंजी असत. परंतु वर्ग चुकत नसत.

या पोलिश भाषेचे आणि आपल्या भाषेचे दूरचे नाते आहे, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. पोलिश भाषेत दोनला ‘द्वा’ आणि चारला ‘च्तेरी’ म्हणतात. भावाला ‘ब्रात’ म्हणतात. संस्कृतात ‘भ्राता’ आहेच. अग्नीला ‘ओग्येन’, विधवेला ‘व्दोवा’, नव्याला ‘नोवी’ असे शब्द आहेत. ‘ज्येन दोब्री’ म्हणजे ‘शुभ दिन’. त्यातील ‘ज्येन’ हा शब्द आपल्या ‘दिन’ शब्दाचा दूरचा भाऊबंद आहे. हजारो वर्षांपूर्वी एकाच मूळ भाषेपासून निघालेल्या या दोन शाखा. एक शाखा युरोपच्या बर्फाळ मैदानात वाढली, दुसरी सिंधू-गंगेच्या आणि पुढे कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्यात उतरली, आणि वळिवड्याच्या बाजारात त्या पुन्हा समोरासमोर आल्या.

बाजारात तर भाषांची मोठी मौज चाले. भाजीवाले, फळवाले, कापडवाले यांना गिऱ्हाईक राखावयाचे होते. बायकांना भाव पाडून घ्यावयाचा होता. व्याकरणाची वाट न पाहता दोन्हींकडील लोक एकमेकांचे शब्द शिकले. कोल्हापूरचे व्यापारी भराभर पोलिश बोलू लागले, ही गोष्ट त्या वस्तीत वाढलेल्या अनेकांनी पुढे आठवणीने नमूद केली आहे. मुलांना पंचगंगेचे आकर्षण होते. तिच्या पाण्यात ती पोहण्यास शिकली.

या काळात आपल्या देशाची स्थिती काय होती, हेही लक्षात घेतले पाहिजे. हिंदुस्थान तेव्हा स्वतःच परतंत्र होता. १९४२ चे ‘चले जाव’ आंदोलन नुकतेच पेटले होते. वळिवड्यापासून फार दूर नसलेल्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांचे सहकारी प्रतिसरकार चालवीत होते. धान्य महाग झाले होते आणि युद्धाची झळ घरोघरी लागत होती. अशा दिवसांत, ज्यांचे स्वतःचेच स्वातंत्र्य हरपले होते अशा लोकांच्या भूमीवर दुसऱ्या एका देशाच्या निराधार लोकांना आसरा मिळाला. पाहुण्याला जागा देण्यासाठी घर मोठे असावे लागते असे नाही, हे येथे दिसून आले.

वळिवड्याचे जीवन म्हणजे नित्य आनंदच होता, असे मात्र कोणी समजू नये. उन्हाळा त्या लोकांना असह्य होई. पावसाळ्यात कौलांवर दिवसचे दिवस सरी कोसळत आणि चिखलातून चालणे कठीण होई. हिवतापासारखे रोग त्यांना नवे होते. कित्येकजण सैबेरियातील हालांमुळे आधीच खंगलेले होते. काहींची जीवनयात्रा येथेच संपली; कोल्हापूरच्या दफनभूमीत त्यांच्या समाध्या आजही आहेत. शरीराच्या दुखण्याहून मोठे दुखणे मनाचे होते. बाप किंवा भाऊ इटलीत लढत असे. टपालवाला आला की सारी चाळ बाहेर येई. पत्र आले तर आनंद. न आले तर चिंता. १९४४ च्या मे महिन्यात इटलीतील मोंते कासिनो या डोंगरावर पोलिश सैनिकांनी आपला झेंडा रोविला, तेव्हा विजयाच्या वार्तेबरोबर मृत्यूच्या वार्ताही आल्या. त्याच इटलीत आपले मराठा पलटणीचे जवानही लढत होते. म्हणजे वळिवड्याच्या चाळीत जशी एखादी आई पत्राची वाट पाही, तशीच सातारा-सांगलीकडच्या एखाद्या खेड्यातील आईही पाहत असे. दोघींची भाषा वेगळी, पण काळजी एकच.

नाताळच्या आदल्या दिवशी मात्र सारी वस्ती उजळून निघे. पोलिश लोक या सायंकाळला फार पवित्र मानतात. त्या दिवशी मुले आकाशाकडे डोळे लावून बसतात. पहिली चांदणी दिसली की मगच जेवणास प्रारंभ करावयाचा, अशी रीत आहे. प्रथम घरातील वडील माणूस ‘ओप्वातेक’ नावाची पातळ पोळी हाती घेतो. प्रत्येकजण तिचा तुकडा मोडून दुसऱ्यास देतो आणि त्याचे शुभ चिंतितो. या जेवणात मांस नसते. आणखी एक सुंदर प्रथा अशी की, मेजावर एक पान अधिक मांडून ठेवतात. ते कोणासाठी? अवचित दारी येणाऱ्या पाहुण्यासाठी! आपल्याकडे अतिथीला देव म्हणतात, तोच हा भाव. पोलंडात या दिवशी बहुधा खिडकीबाहेर बर्फ असे. वळिवड्यास बर्फ नव्हते. पण चांदणी होती. आणि गंमत पाहा : जे लोक आपल्या घरी अनोळखी पाहुण्यासाठी पान मांडून ठेवीत, तेच लोक आज स्वतः अनोळखी पाहुणे होऊन दुसऱ्याच्या दारी आले होते, आणि त्यांच्यासाठी येथे पान मांडले गेले होते.

१९४५ साली युद्ध संपले. आता घरी जाऊ, असे सर्वांना वाटले असेल. परंतु पूर्व पोलंडचा जो भाग या लोकांचे माहेर व सासर होता, तो युद्धानंतर सोव्हिएट रशियात समाविष्ट करण्यात आला. देश जिंकणाऱ्यांच्या बाजूस होता, तरी यांची घरे गेली ती गेलीच. १९४७ च्या ऑगस्टमध्ये हिंदुस्थान स्वतंत्र झाला. तो मंगल प्रसंग या पाहुण्यांनीही पाहिला. मग निरोपाचे दिवस आले. ज्यांचे पुरुष ब्रिटिश सेनेबरोबर लढले होते, अशी पुष्कळ कुटुंबे इंग्लंडला गेली. कोणी ऑस्ट्रेलियास, कोणी कॅनडा-अमेरिकेस, कोणी पूर्व आफ्रिकेस गेले. काही पोलंडला परतले. काही मोजक्या जणींनी येथेच विवाह करून आयुष्य घालविले. १९४८ साली वस्ती रिकामी झाली.

पण चाळी फार दिवस ओस राहिल्या नाहीत. देशाची फाळणी झाली होती आणि सिंधमधून हजारो कुटुंबे सर्वस्व सोडून भारतात येत होती. त्यांतील काहींना याच जागी आसरा देण्यात आला. पोलिश मुलांनी जेथे अभ्यास केला, तेथे आता सिंधी मुले आपले नवे जीवन सुरू करू लागली. या वस्तीला गांधीनगर हे नाव मिळाले. आज गांधीनगर ही कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ आहे. मिरज, सांगली, कोल्हापूर या भागांतून लग्नसराईच्या खरेदीसाठी तेथे जाणाऱ्या लोकांतील कितीजणांना ठाऊक असेल की, एकाच भूमीने पाठोपाठ दोन देशांतील निराधारांना पदराखाली घेतले!

वळिवड्याची मुले जगभर पांगली, पण एकमेकांस विसरली नाहीत. भारतात राहून गेलेल्या पोलिश लोकांनी इंग्लंडमध्ये आपले मंडळ स्थापन केले आणि सर्वांच्या आठवणी व कागदपत्रे गोळा करून एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्यातील कित्येकजण म्हातारपणी नातवंडांना घेऊन कोल्हापुरास येऊन गेले. १९९८ साली कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांच्या कृतज्ञतेचा स्तंभ उभा राहिला. पोलंडची राजधानी वॉर्सा येथेही कोल्हापूरच्या आतिथ्याचे स्मारक आहे. २१ ऑगस्ट २०२४ रोजी भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले. वॉर्सासारख्या दूरच्या नगरीत ‘कोल्हापूर’ हे नाव आदराने घेतले जाते, ते कोणत्या लढाईमुळे नव्हे, तर काही बायकामुलांना अडचणीच्या काळात राहण्यास जागा दिली म्हणून.

मुलांनो, घर म्हणजे काय? ज्या भिंतींत आपण जन्मलो त्या भिंती, असे आपण सहज म्हणतो. वळिवड्याच्या लोकांच्या भिंती तर चटयांच्या होत्या. परंतु त्यांनी आपली भाषा सोडली नाही, आपले सण सोडले नाहीत, दारापुढे फुले लावण्याचे सोडले नाही. आणि शेजारच्या लोकांनी त्यांना परके म्हणून दूर लोटले नाही. या दोन गोष्टी मिळाल्या आणि चटईच्या भिंतींचे घर झाले. पुढे कधी तुम्ही मिरजेहून कोल्हापूरला जाल, तेव्हा पंचगंगेचा पूल ओलांडल्यावर गाठोडी आवरण्याची घाई क्षणभर बाजूस ठेवा आणि खिडकीतून बाहेर पाहा. आणि तुमच्या वर्गात दूरच्या मुलखातून एखादा नवा मुलगा किंवा मुलगी आली, तर बाकावर थोडे सरकून तिला जागा द्या.

अभ्यास

१. पोलिश कुटुंबांना आपली घरे कोणत्या परिस्थितीत सोडावी लागली?
२. वळिवड्याच्या मातांना मुलांच्या शाळेचे एवढे महत्त्व का वाटे?
३. ‘एकाच भूमीने पाठोपाठ दोन देशांतील निराधारांना पदराखाली घेतले’, हे वाक्य स्पष्ट करा.
४. पोलिश आणि मराठी किंवा संस्कृत यांतील सारखे वाटणारे शब्द पाठातून शोधून लिहा.
५. तुमच्या गावात दुसऱ्या प्रांतातून येऊन स्थायिक झालेल्या एखाद्या कुटुंबाचे सण व खाद्यपदार्थ यांची माहिती मिळवून दहा ओळी लिहा.